टपाल, सेक्टर आठ

१४ जानेवारी २००६, शनिवार

किमान तापमान ७.१. आकाश स्वच्छ, वायव्येचा वारा, पतंगांना हवा तसा. सगळं जयपूर आज गच्चीवर आहे. आमची गच्ची रिकामी.

ऑफिसातला खालचा ड्रॉवर आज उघडला. ऑगस्टपासून उघडला नव्हता. किल्ली माझ्याच जुडग्यात होती, रोज हाताला लागायची. आत वल्लरीचा गेमबॉय होता, तिच्याच मोज्यात गुंडाळलेला. मीच तसा ठेवला होता.

पंचवीस वर्षं हवामान खात्यात निरीक्षणं नोंदवतोय. नोंदवहीचा नियम एकच: जे दिसलं ते लिहायचं, जे दिसायला हवं होतं ते नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो. ऑगस्टमध्ये वल्लरीचा इंजिनीअरिंगचा गणिताचा पेपर राहिला, तेव्हा मी तिचं हे खेळणं जप्त केलं. "परीक्षा झाली की मिळेल." सप्टेंबरात तिला डेंगी झाला. हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी तिने मागितलं, "बाबा, माझा गेम कुठंय?" मी म्हणालो, "आधी बरी हो, मग बघू." ड्रॉवर तिथून वीस मिनिटांवर होता. मागितल्याबरोबर आणून दिला असता तर ती खरंच फार आजारी आहे हे मला कबूल करावं लागलं असतं. असं आज वाटतं. त्या दिवशी नुसता माझा हट्टही असेल.

अलकाला मी हे कधी सांगितलं नाही. तिने तर त्या दिवसांत घर पालथं घातलं. हॉस्पिटलातून रिक्षाने प्रताप नगरला यायची, कपाटं, पलंगाखाली, पुस्तकांच्या मागे शोधायची आणि परत जाऊन लेकीला सांगायची, "सापडत नाही गं राणी, उद्या परत बघते." मी शेजारी उभा असायचो. माझ्या बायकोला मी शोधू दिलं. सहाव्या दिवशी वल्लरी गेली. एकोणीस वर्षांची होती.

मला तिची माफी हवी आहे आणि ती द्यायला ती नाही. बाकी माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही.

गेमबॉय घरी आणून तिच्याच खोलीत, पुस्तकांच्या मागे ठेवला. अलका त्या खोलीत पाऊल टाकत नाही. तेरावा झाल्यावर दार लोटलं ते लोटलंच.

१७ जानेवारी

मितालीला बोलावलं होतं. वल्लरीची कॉलेजातली मैत्रीण, इंदूरकडची मराठी मुलगी, तिलक नगरला मामाकडे राहते. पार्कातल्या बाकावर बसून मी मोज्यातून वस्तू काढली तर तिचे डोळे भरले. मग नाक पुसून शिकवायला लागली.

"काका, हा पुराना वाला आहे. दोन पेन्सिल सेल लागतात. आणि स्क्रीनला लाइट नाही, मतलब खिडकीत नाहीतर ट्यूबखाली बसायचं."

आत एक कार्ड आहे, त्यात वल्लरीने गोळा केलेले सगळे खेळ. काही मूळचे, गाजलेले. काही लोकांनी घरी बसून बदललेले: रस्ते नवे, माणसं नवी, गोष्ट वेगळी. त्याचे पैसे कोणी घेत नाही म्हणाली. मी विचारलं, ही चोरी नाही का? ती म्हणाली, "तुम्ही दाल में गूळ घालता ना? दाल इथली, गूळ तुमचा. तसं."

वल्लरीची एक वहीही तिच्याकडे राहिली होती. पहिल्या पानावर मथळा: 'खेळायलाच हवेत असे'. खाली नऊ खेळ, प्रत्येकापुढे शेरा. नववा तिने स्वतः बदललेला.

"शेवट तिने मला पण नाही दाखवला," मिताली म्हणाली. "म्हणायची, शेवटचं पत्र घरी पोचवलं की कळेल."

मी म्हटलं, काकूंना यातलं काही सांगू नकोस. "क्यों?" मी म्हटलं, मी सांगेन. तिने माझ्याकडे पाहिलं ते मला आवडलं नाही.

२९ जानेवारी

अलका सकाळी सात ते साडेसात दूध आणि मंदिर, संध्याकाळी सहा ते सात आरती. तेवढ्यात मी खेळतो. पन्नाशीचा सरकारी अधिकारी, लेकीच्या पलंगाच्या कडेवर, चष्मा कपाळावर. कुणी पाहिलं तर पेन्शन बंद करतील.

पहिल्या क्रमांकावर वरून पडणारे ठोकळे. शेरा: 'हा जिंकता येत नाही. फक्त उशिरा हरता येतो. तरी रोज खेळावा.' मी दुसऱ्या मिनिटाला हरतो. चौथा, किल्ल्यात उड्या मारणारा पहारेकरी. हा मला बरा जमला. सहावा म्हणजे तोच खेळ, पण ब्राझीलच्या कुणा पोराने बदललेला. किल्ला तोच, पहारेकरी म्हातारा झालेला. उडी कमी पडते, जिन्यावर थांबून दम खातो. शेरा: 'आधी मूळ खेळा. तो किती दमलाय ते मगच कळतं.' एक्केचाळीस वेळा मेलो. शेवटी वर पोचल्यावर तो काहीच करत नाही, बसतो. मीही थोडा वेळ बसून राहिलो.

सातवा जपानी आहे, नावाड्याची गोष्ट. तो चार वर्षं खपून काही हौशी लोकांनी इंग्रजीत आणलाय. काम सुरू करणारा मधेच वारला, बाकीच्यांनी पुरं केलं आणि त्याचं नाव सगळ्यात वर ठेवलं. वल्लरीने हे वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्यात.

माझी मुलगी पहाटे तीनपर्यंत जागून हे करत होती आणि मी ओरडायचो की वेळ वाया घालवतेस. मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही की काय करतेस. मी वाईट बाप नव्हतो, पण लक्ष नसलेला होतो, आणि याची आता लाज वाटते.

दोन्ही अंगठे दुखतात.

११ फेब्रुवारी

नियमाने एक ते आठ खेळून झाले. आज नववा. 'टपाल, सेक्टर आठ'.

मूळ खेळ बर्फाळ गावातल्या पोस्टमनचा. वल्लरीने बर्फाचे रंग बदलून आंधी केली आहे. वाळू पिवळी, आकाश तांबूस, मे महिन्यात आमच्याकडे दिसतं तसं हुबेहूब. मग आंधी ओसरते आणि समोर आमची कॉलनी. पाण्याची टाकी, टाकीला लागून कचोरीवाला, सेक्टर आठचा पार्क, तुटलेला झोपाळासुद्धा. पत्रं वाटणारी एक मुलगी आहे. सायकल नाही, पायी फिरते. माणसं मराठीत बोलतात. अक्षरं ठिपक्याठिपक्यांची पण इतकी सुबक की नवल वाटलं, वल्लरीचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

आमचं घरही आहे. खालून घंटा वाजवली की आई दार उघडते आणि म्हणते, 'आधी हात धू.' गच्चीवर बाप उभा आहे, शेजारी तापमापकाची पांढरी पेटी. त्याच्याजवळ जाऊन बटण दाबलं. तो म्हणाला, 'आत्ता नाही. नंतर.'

पुन्हा दाबलं. 'आत्ता नाही. नंतर.' अकरा वेळा दाबलं. दुसरं वाक्य तिने त्याला दिलेलंच नाही.

१३ फेब्रुवारी

सकाळचं निरीक्षण: मुलगी टाकीजवळ, पिशवीत सात पत्रं, खेळातला दिवस चौथा. इथे थांबून बंद केलं.

संध्याकाळचं निरीक्षण: मुलगी पार्कात, पिशवीत पाच पत्रं, दिवस सहावा.

माझं काहीतरी चुकलं असेल.

१४ फेब्रुवारी

सकाळी दिवस सहावा, पत्रं पाच. कागदावर लिहून खिशात ठेवलं. संध्याकाळी दिवस आठवा, पत्रं चार.

चुकलेलं नाही.

१५ फेब्रुवारी

दिवस दहावा.

अलकाने घड्याळाला सेल आणायला सांगितले. गेल्याच आठवड्यात आणले होते.

१९ फेब्रुवारी, रविवार

मितालीला फोनवर विचारलं, बंद असताना खेळ आपोआप पुढे जातो का. "नाही काका. ऑफ मतलब ऑफ." मग विचारते, "काकू?" मी म्हटलं, छे.

अलकावर संशय घ्यायला जागाच नाही. तिला मोबाइलमध्ये नाव साठवता येत नाही, टीव्हीचा रिमोट माझ्याकडे सरकवते. आणि ती त्या खोलीत जात नाही. तरी माणसाने तपासून पाहावं. शुक्रवारी गेमबॉय ठेवताना फळीवर त्याच्या चारी कोपऱ्यांना पेन्सिलने बारीक खुणा केल्या. संध्याकाळी तो अगदी खुणांच्या आत होता, केसभर इकडेतिकडे नाही. आणि त्यावर धूळ नव्हती. या हवेत आमच्याकडे पाच तासांत फळीवर बोट उमटतं. खेळातले दिवस दोन पुढे गेले होते.

मी देवभोळा नाही. पण जे दिसलं ते लिहायचं असेल तर हे लिहायला हवं की दुपारी, घरात अलका असताना आणि मी नसताना, कुणीतरी वल्लरीची पत्रं वाटतंय.

भीती वाटली का? वाटली. त्याहून जास्त वाटलं की हे थांबू नये.

२३ फेब्रुवारी

घरातल्या तक्रारी. भिंतीवरचं घड्याळ सेल खातंय, दुरुस्तीला टाकायला हवं. दूध दोनदा उतू गेलं, एरवी अलकाचं कधी जात नाही. तिचा उजवा अंगठा दुखतोय, बाम चोळत होती. भाजी चिरून चिरून, म्हणाली. मी म्हटलं, उद्यापासून मी चिरतो. तिने नको म्हटलं, पण हसली. पाच महिन्यांत पहिल्यांदा हसलेली पाहिली.

२६ फेब्रुवारी

खेळातल्या आमच्या घराला पत्रपेटी आहे. तिच्यात आपल्याला दोन ओळी लिहिता येतात. एकेक अक्षर निवडून बसवायचं. एका वेळी एकच चिठ्ठी राहते, नवी लिहिली की जुनी पुसते. पेटी रिकामी होती.

आठ दिवस विचार करत होतो. आज लिहिलं: 'माफ कर.'

दोन शब्दांना सहा मिनिटं लागली.

२७ फेब्रुवारी

संध्याकाळी पेटी उघडली.

'राग नाही. कधीच नव्हता.'

पुन्हा पुन्हा वाचलं. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. बाहेर आलो तर अलकाचेही डोळे लाल. कांदा, म्हणाली. रात्री आम्ही दोघं पोटभर जेवलो. तिने स्वतःहून दुसरी भाकरी घेतली.

५ मार्च

सकाळी कमालीचं हलकं वाटतं. ऑफिसात शीळ घातली तर शेजारच्या टेबलावरच्या दिनकररावांनी वर पाहिलं.

अलकातही फरक आहे. दुपारी उन्हाला बसते म्हणाली. कुठे, विचारलं नाही. केस नीट विंचरते. काल मी घरी आलो तर गुणगुणत होती. दुःख आपोआप कमी होतं म्हणतात तसंच असावं. ते बघून मनात आलं की सांगून टाकावं, आपली वल्लू आहे, खोलीत आहे. पण सांगायचं तर ड्रॉवरपासून सांगावं लागेल. आणि ती आहे हे अलकाला कळलं तर पत्रपेटीकडे आधी तीच धावेल, माझ्या वाट्याला काय उरेल? हे लिहिताना कळतंय की मी किती स्वार्थी आहे. तरी सांगणार नाही.

९ मार्च

पेटीत: 'थंडी वाजते का?'

पहाटेच्या पाळीला मी मोकळ्या मैदानात उभा असतो, हे वल्लूला लहानपणापासून माहीत. सहावीत असताना एकदा मला हातमोजे आणून दिले होते तिने.

लिहिलं: 'आता नाही.'

१५ मार्च, धुळवड

कॉलनीत सकाळपासून रंग. आमच्या घरी या वर्षी कुणी रंग घेऊन आलं नाही, शेजारच्या सुधाताई तेवढ्या गुजिया ठेवून गेल्या. दार लावून बसलो. अलका आज पूर्ण दिवस माझ्यासमोर होती आणि मी तिच्यासमोर. रात्री ती झोपल्यावर पाहिलं, आज खेळ एक पाऊलही पुढे गेला नाही.

आम्ही दोघं घरात असलो की वल्लू येत नाही, असं मी समजलो. मुलांना आईबाप एकत्र असले की बोलता येत नाही, तसं काहीतरी.

२१ मार्च

पिशवीत आता एकच पत्र आहे. पाकिटावर आमच्याच घराचा पत्ता. मी ते देत नाही आणि दुपारी जी खेळते तीही देत नाही. मुलगी नुसती कॉलनीभर फिरते, टाकीपासून पार्कापर्यंत, पार्कापासून टाकीपर्यंत. शेवट आम्हा दोघांनाही नको आहे.

२४ मार्च

'एकदा भेट ना.'

भेट म्हणजे काय म्हणायचं असेल तिला? वेड्यासारखे विचार आले, ते लिहीत नाही. मग शांतपणे पाहिलं. मिताली म्हणाली होती, शेवटचं पत्र घरी पोचवलं की कळेल. ते पत्र द्यायला वल्लू सांगतेय. तिला जे सांगायचंय ते त्या पत्रात आहे.

गुरुवारी पाडवा. रजा टाकतो. अलका देवळात गेली की घाई न करता, नीट बसून देतो. नव्या वर्षाचा पहिला दिवस.

लिहिलं: 'पाडव्याला भेटू.'

२८ मार्च

अलकाने सामानाची यादी दिली. चक्का, केशर, चारोळी. पाच महिने साखर आणायला सांगायची तर विसरायची. नवी चादरही आणायला सांगितली, जांभळी. वल्लूचा रंग.

३० मार्च, गुढीपाडवा

जे झालं ते झालं तसं लिहितो.

सकाळी गुढी उभारली. समोरच्या घरातली पोरं विचारत होती, अंकल, ये लोटा उल्टा क्यों? मी सांगत होतो तेवढ्यात मागे वल्लरीच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला. अलका आत होती. पंखा पुसलेला, खिडकी उघडी, पलंगावर जांभळी चादर. खिडकीशी खुर्ची होती आणि खुर्चीवर अलकाची शाल. ती तिथे आज पहिल्यांदा आलेली नव्हती. तिथली जागा बसून बसून तिची झालेली होती. मी ते पाहिलं आणि तरी मला कळलं नाही.

ती देवळात गेली नाही. नारायणपेठी नेसली. बारा वाजता तिने पानं वाढली, तीन. बाहेरचं दार सताड उघडं ठेवलं आणि जिन्याकडे तोंड करून बसली.

मी विचारलं, "कुणी यायचंय का?"

"बसा तुम्ही. येईलच."

"कोण?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा इतका आनंदी होता की मला तो ओळखूच येईना.

"तुम्हाला खोटं वाटेल म्हणून बोलले नाही. वल्लू येतेय हो. तिने कळवलंय, पाडव्याला भेटू म्हणून." मग घाईघाईने, मी वेड्यात काढीन या भीतीने, सांगत सुटली. "संक्रांतीनंतर मी तिच्या खोलीत गेले होते, तिळगूळ ठेवायला. पुस्तकांच्या मागे तिचा गेम! मी तिथे तीनदा शोधला होता, तीनदा. नव्हता तिथे. तिनेच आणून ठेवला ना? पहिल्यांदा हात लावायचा धीर होईना. मग रोज खेळायला लागले. ती अक्षरं मीच तर काढून दिली होती तिला, चौकटीच्या वहीत, तिच्याजवळ बसून, ती एकेक भरायची. तर एक दिवस पेटीत तिची चिठ्ठी. माफ कर, म्हणाली. कशाची गं माफी? शेवटी शेवटी माझ्यावर चिडली होती, गेम सापडत नाही म्हणून, तेच मनात धरून बसली असेल. मी लिहिलं, राग नाही. थंडी वाजते का विचारलं तर म्हणाली, आता नाही."

मी उभा होतो तो खाली बसलो.

गप्प राहता आलं असतं. जेवायला बसून म्हणता आलं असतं, येईल हो, उशीर झाला असेल. तिला दुखवायला नको म्हणून मी गप्प राहिलो असतो असं मला लिहायला आवडलं असतं. खरं म्हणजे मला माझ्यासाठीच गप्प राहायचं होतं. पण ती जिन्याकडे बघत होती. खालून कुणाची तरी पावलं आली तेव्हा ती अर्धवट उठली. भंगारवाला होता, आणखी वर गेला. ती पुन्हा बसली आणि पदर नीट केला. ती संध्याकाळपर्यंत अशीच बसली असती. उद्याही.

"अलका," मी म्हणालो, "गेम मी ठेवला तिथे. संक्रांतीला. ऑफिसातून आणून. चिठ्ठ्या मी लिहिल्या."

तिला समजायला वेळ लागला. मग म्हणाली, "ऑफिसात कुठून आला?"

"माझ्या ड्रॉवरमध्ये होता."

"कधीपासून?"

"ऑगस्टपासून."

ती बोटांवर मोजत नव्हती, पण मला दिसत होतं की ती एकेक दिवस मागे जातेय. रिक्षा, कपाटं, पलंगाखाली, पुस्तकांच्या मागे.

"म्हणजे मी शोधत होते तेव्हा."

"हो."

"ती मागत होती तेव्हा."

"हो."

"तुम्ही तिथेच उभे होतात."

"हो."

जिन्यावर कुणी नव्हतं. तरी तिने दार लगेच लावलं नाही.

"मी सहा महिने म्हणतेय, मला साधा गेम सापडला नाही. पोरीने शेवटचं काही मागितलं आणि आईला सापडलं नाही." तिचा आवाज चढलेला नव्हता. "आणि ते 'माफ कर' तुमचं होतं?"

"माझं."

"मी लिहिलं, राग नाही."

"हो. मला वाटलं ती..."

"ते मी तिला लिहिलं होतं. तुम्हाला नाही." ती उठली. "तुमच्यावर आहे. आज पहिल्यांदा आहे आणि फार आहे."

तिने तिसरं पान उचललं, झाकलं. दार लावलं. खोलीत गेली आणि आतून कडी घातली.

३१ मार्च

काल रात्रभर मी बाहेर खुर्चीत होतो. आज ड्यूटीला गेलो नाही. पंचवीस वर्षांत साडेआठचं निरीक्षण पहिल्यांदा न कळवता चुकवलं.

महिनाभर ज्या माफीवर मी शीळ घालत होतो ती माझी नव्हती, आणि जी माझी होऊ शकली असती ती आता अलकाकडे आहे. वल्लरीने मला माफ केलं की नाही, हे मला कधी कळणार नाही. हे लिहून टाकलं. वाटलं होतं त्याहून सोपं गेलं. कारण आत बसलेल्या बाईचं काय होतंय याचीच जास्त काळजी आहे.

सकाळी दहाला आतून खेळाचं संगीत ऐकू आलं, पार्काजवळ वाजतं ते. म्हणजे अलका खेळातल्या मुलीला चालवतेय. शेवटचं पत्र तिच्याकडे आहे. ती ते देईल नाहीतर देणार नाही, मी विचारणार नाही.

चहा करून दाराबाहेर ठेवला. "आत येऊ का?" विचारलं.

"नाही."

बरं म्हटलं. कप तसाच गार झाला. मी खुर्ची सरकवली, बहुतेक तिला वाटलं मी उठलो.

"कुठे निघालात?"

"कुठे नाही."

संगीत थांबलं.

"मला तुमच्याशी बोलायचं नाहीये," ती दारापलीकडून म्हणाली. "पण तिथून उठू नका."